दोन मण आणि वर नऊ शेर

अक्काच्या एका पत्राचं उत्तर मी दिलं नव्हतं. साधं पोस्टकार्ड होतं. त्यात प्रश्नही एकच होता, आणि उत्तराला फार तर एक ओळ पुरली असती. चाळीस वर्षं मी नगरच्या कोर्टात नकला करण्यात घालवली. लोकांचे जबाब, लोकांची मृत्युपत्रं, लोकांच्या भाऊबंदक्या मी सुबक अक्षरात उतरवून काढल्या. पण सख्ख्या बहिणीला एक ओळ लिहायची वेळ आली, तेव्हा माझी दौत वाळली!

कार्ड आलं ते सन चव्वेचाळीसच्या कार्तिकात. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय अडुसष्ट. कर्जतच्या अलीकडे एका खेड्यात राहते. मजकूर असा होता:

"चि. नरसूस अनेक आशीर्वाद. आषाढात तुला मुदतीचा ताप आला तेव्हा मी आमच्या भैरोबाला बोलले होते, की माझा भाऊ उठून बसू दे, चैत्रातल्या यात्रेत तुझ्यासमोर त्याची गुळाने तुला करीन आणि तो गूळ गावाला वाटीन. भैरोबाने त्याचं काम केलं. आता आपलं राहिलं. विहिरीवरच्या उसाचा गूळ केला आहे. वीस-वीस शेरांच्या चार ढेपा, म्हणजे दोन मण. या कंट्रोलच्या दिवसांत याहून जास्त माझ्याने होणार नाही. तरी तुझं वजन किती भरतं ते उलट टपाली कळव. दोन मणांत बसशील ना?"

दोन मणांत बसशील ना!

तापात अक्का महिनाभर माझ्या उशाशी बसली होती. तिने पाहिलेला नरसू म्हणजे खाटेवर वाळत घातलेला सदरा. त्या मानाने दोन मण उदंडच झाले. पण मुदतीचा ताप गेल्यावर भूक कशी लागते, हे ज्याला तो येऊन गेला त्यालाच ठाऊक! श्रावणात मी पाटावर बसलो, तो दिवाळी झाल्यावर उठलो. उठताना हिने हात दिला.

"अहो, लिहून टाका 'दोन मणांत बसतो' म्हणून," आमची ही म्हणाली. "उलट टपाली मागितलंय."

"वजन केल्याशिवाय कसं लिहू? चाळीस वर्षं मी खऱ्या नकला दिल्या आहेत."

"मग करा वजन."

हे बोलायला सोपं आहे. माणसाने नगरात वजन करायचं कुठं? मी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी दाणेबाजारात गेलो. तिथे एका आडतीत सहादेव नावाचा तोलणारा होता. एका डोळ्याने तो काटा पाहायचा आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "सहादेव, जरा... वजन करायचं होतं."

"करू की. माल कुठाय?"

मी बोटाने स्वतःची छाती दाखवली.

"तुमचं? पंत, तुमचं वजन करायचं?" तो इतक्या मोठ्याने म्हणाला की बाजारातले बैलसुद्धा माझ्याकडे वळून पाहू लागले!

मला ज्वारीच्या पोत्यासारखं पारड्यात बसवण्यात आलं. दुसऱ्या पारड्यात तो पाच-पाच शेरांची वजनं टाकू लागला. धान्य तोलणारे मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि तेही गाऊन.

"लाभेऽऽ लाभ! दोनेऽऽ दोन! तीनेऽऽ तीन!"

प्रत्येक आकड्याला चार माणसं जास्त जमत होती. सोळा झाले म्हणजे दोन मण. सोळाव्याला मी डोळे मिटून भैरोबाचं नाव घेतलं. पारडं जागचं हललं नाही. सतरा झाले. मग सुटी वजनं पडू लागली, आणि चौथ्या शेराला मी एकदाचा अधांतरी झालो.

"दोन मन! अन् वर नऊ शेर!" सहादेवाने सगळ्या बाजाराला कळवलं.

"बारदान धरून का बारदान सोडून?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

मी घरी कोणत्या रस्त्याने आलो ते आठवत नाही.

नऊ शेर! खरं लिहावं तर अक्काचा स्वभाव मला माहीत. वरचे नऊ शेर काळ्याबाजाराने घ्यायला ती हातातल्या पाटल्याही मोडील, आणि मला पत्ता लागू देणार नाही. खोटं लिहावं, तर चैत्रात साऱ्या गावासमोर तिचा नवस अर्धा राहील. अडुसष्ट वर्षांच्या बाईला देवाला दिलेला शब्द अर्धा राहिल्यावर झोप लागेल का?

तेव्हा मी हिला समोर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढे काढून सांगितलं, "पौषापर्यंत नऊ शेर उतरवतो! आणि मगच अक्काला लिहितो, की बसतो दोन मणांत, अगदी सैल बसतो!"

"आणि नाही उतरले तर?"

"न उतरायला काय झालं? व्यायाम हे शास्त्र आहे. मी त्याच्यावर दोन पुस्तकं वाचली आहेत."

हिने माझ्या ताटातली तिसरी भाकरी उचलून ठेवली.

सुरुवात चालण्याने केली. पहाटे किल्ल्याच्या बाजूला जायचो, कारण तिकडे ओळखीचं कुणी भेटत नाही. भेटत नाही ते का, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. किल्ल्यात तेव्हा मोठे राजकैदी होते आणि खंदकाभोवती पहारा होता. एक जाडा म्हातारा कोटाचे खिसे फुगवून रोज अंधारात घिरट्या घालतो, हे सरकारच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"इथं कशाला फिरता?" शिपायाने मला अडवलं.

"नऊ शेर..." माझी बोबडी वळली.

"नऊ शेर काय? काय आहे खिशात?"

खिशात तीन पुस्तकं होती. मी पुस्तकाशिवाय घराबाहेर पडत नाही, कारण वाटेत कुणी भेटलं तर वाचण्याचं निमित्त करून मान खाली घालता येते. शिपायाने तिन्ही पुस्तकं उलटीपालटी करून पाहिली, झटकली, हुंगली आणि माझी नऊ शेरांची हकीकत ऐकून मला परत दिली. "उद्यापासून दुसरीकडे वजन उतरवा," तो म्हणाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला बाबाजान वस्तादांची तालीम आहे. वस्ताद सत्तरीचे. मान आणि डोकं एकाच जाडीचं, कान मोडलेले, आणि आवाज असा की त्यांनी प्रेमाने हाक मारली तरी माणूस दोन पावलं मागे सरावा. मी तालमीच्या दारात चार पहाटे नुसता उभा राहिलो आणि परत आलो. पाचव्या पहाटे वस्तादच बाहेर आले.

"क्या पंत! रोज दाराशी येता आणि जाता. कायको शरमाते? आत या!"

"नाही, मी आपला... जरा शरीर..."

"समझ गया! पाहिलंय मी, तापातून उठलात. आता अंग कमवायचं! या उमरीला हिंमत केलीत, शाबास!"

आता इथे कुणीही आवाज असलेला माणूस म्हणाला असता, की वस्ताद, कमवायचं नाही हो, आहे त्यातलं घालवायचं आहे. मीही म्हणणार होतो. मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात वस्तादांनी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप मारली आणि माझं वाक्य कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत जाऊन पडलं. त्यामागोमाग मी.

दुसऱ्या दिवसापासून नेमाने व्यायाम सुरू झाला. नेमाने म्हणजे एक दिवस खाडा नाही! दहा दंड, पंचवीस बैठका. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिली बैठक मारताना माझ्या गुडघ्यांतून असे आवाज निघाले, की कोपऱ्यातले दोन पैलवान छपराकडे पाहू लागले. पण मी हटलो नाही. आठ दिवसांत गुडघे गप्प झाले. पंधरा दिवसांत मी घामाने असा निथळू लागलो, की मनात म्हटलं, शेर-दोन शेर तर या मातीतच जिरले असतील!

बैठका झाल्या की वस्ताद एक मोठा पितळी लोटा आणीत. म्हशीचं धारोष्ण दूध, त्यात वाटलेले बदाम, खसखस, वर वेलदोडा.

"वस्ताद, हे..."

"पिओ! कसरतीनंतर हे घ्यायचंच. नाहीतर अंग जळतं."

मला तर अंग जळायलाच हवं होतं! पण लोटा वस्तादांनी स्वतः धरलेला. "जहिराने पहाटे उठून हाताने वाटलंय," ते म्हणत. जहिरा म्हणजे त्यांची बायको. "नको म्हणालात तर तिला काय सांगू?"

मला नको म्हणता येत नाही. लहानपणापासून येत नाही. शिवाय माझ्या मनात एक शंका आली, आणि माझ्या मनात शंका आली की ती माझ्या विरुद्धच येते. वाटलं, या माणसाने चाळीस पैलवान घडवले. आपण काय, दोन पुस्तकं वाचली. त्यांनाच जास्त कळत असणार. कोण जाणे, हे दूध अंगातली चरबी पातळ करणारं असेल! मी लोटा रिकामा केला. मिशा पुसल्या. आणि घरी हे सांगितलं नाही, कारण घरात दुधाला मी स्वतःच बंदी घातली होती.

घरी मी फारच कडक राहिलो. भात बंद, तूप बंद, दूध बंद. नुसत्या दोन कोरड्या भाकऱ्या आणि पालेभाजी. ही समोर बसून माझ्या प्रत्येक घासाकडे पाहायची आणि उसासे टाकायची. मला वाटायचं, माझ्या निग्रहाचं कौतुक चाललंय.

महिना झाला. मोठ्या ऐटीत दाणेबाजारात गेलो. "लाभेऽऽ लाभ!" सुरू झालं. दोन मण आणि वर नऊ शेर.

"काटा पुन्हा बघ रे."

सहादेवाने पुन्हा पाहिला. नऊ शेर.

पौष आला. बैठका पंचवीसच्या साठ झाल्या होत्या. दोन मण आणि वर नऊ शेर! एक छटाक इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या स्वभावात कधी नव्हता असा एक ठामपणा माझ्या वजनात आला होता.

"पंत, एक बोलू का?" सहादेव म्हणाला. "राग नगा मानू. आता मी तुमच्यावर माझी वजनं तपासून घेतो बघा. महिन्यातनं एकदा तुमी बसलात की मला कळतं, शेर बरोबर हायेत. तपासनीस आला तर मी तुमालाच बोलावनार हाय."

मी घरी येऊन दोन्ही पुस्तकं पुन्हा वाचली. दोन्हींत एकच लिहिलं होतं, की नियमित व्यायामाने मेद झडतो. मग माझाच का झडत नाही? बहुधा माझ्या मेदालाही माझ्यासारखाच संकोच असावा. निघायचं म्हणून दाराशी येत असेल, आणि बाहेर माणसं पाहून परत आत जात असेल!

अक्काला काय लिहू? पौषात उतरवतो म्हणालो होतो, पौष गेला. मी कार्ड पुढ्यात घ्यायचो, 'ती. अक्कास सा. न.' एवढं लिहायचो आणि टाक खाली ठेवायचो. आणि माघात अक्काचंच दुसरं कार्ड आलं.

"चि. नरसूस आशीर्वाद. तुझं उत्तर नाही, त्याअर्थी गूळ पुरतो असं मी धरते. पुरत नसता तर तू कळवलं असतंस. यात्रेत तुला करण्याचं गोरक्षनाथ गुरवाला सांगून ठेवलं आहे. पंचक्रोशीत दवंडी दिली आहे. नगरहून दोघंही या."

पंचक्रोशीत दवंडी!

त्या रात्रभर मी मनाशी वाक्य पाठ केलं. दुसऱ्या पहाटे तालमीत गेलो आणि बैठकांच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "वस्ताद, एक सांगायचं होतं. चैत्रात कर्जतकडे भैरोबाच्या यात्रेत माझी तुला आहे. गुळाची. बहिणीने नवस केलाय. आणि माझी अडचण अशी आहे, की..."

"तुला!" वस्ताद ओरडले. हौद्यातले सगळे पैलवान थांबले. "हजार माणसांसमोर तराजूत बसणार? आमच्या तालमीचा माणूस? और पहले क्यों नहीं बोले, पंत?"

"तेच सांगतोय. माझी अडचण..."

"काय अडचण? दोन महिने पुरे आहेत! बाबाजानचा चेला तराजूत बसला आणि पारडं टणकन खाली नाही गेलं, तर लोक काय म्हणतील? ते आता माझ्यावर सोडा!" आणि आत पाहून त्यांनी हाक मारली, "जहिरा! कलसे पंत के दूध में घी भी डालो!"

अशा रीतीने मी तोंड उघडल्याचा परिणाम म्हणून दुधात तूप आलं.

फाल्गुनात मी दाणेबाजाराकडे फिरकलो नाही. धीरच झाला नाही. बैठका मात्र शंभरावर नेल्या.

चैत्रात आम्ही निघालो. ही, मी, आणि आमच्या आधी येऊन मोटारीत बसलेले बाबाजान वस्ताद! "चेल्याचा मान बघायला नको?" ते म्हणाले. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं. मोटार मागे लावलेल्या भट्टीतल्या कोळशाच्या वायूवर चालायची, म्हणजे उतारावर चालायची. एका चढाला ती थांबलीच. ड्रायव्हरने मागे वळून सगळ्या उतारूंवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून ठेवली. मी न सांगता उतरलो.

भैरोबाच्या देवळापुढे लिंबाखाली भला मोठा काटा टांगला होता. एका पारड्यात केळीच्या पानावर चार ढेपा. सोन्यासारखा पिवळा गूळ! भोवती ही गर्दी. कंट्रोल सुरू झाल्यापासून त्या गावाने इतका गूळ एका जागी पाहिला नव्हता. लहान-थोर सगळे फडकी, वाट्या, पदर घेऊन आले होते. अक्का काट्यापाशी उभी. अक्का स्वतः सव्वा मणाची असेल नसेल, पण त्या दिवशी ती गढीच्या पाटलिणीसारखी दिसत होती. मला पाहून तिने आधी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही ना म्हणून.

"उत्तर का नाही दिलंस रे कार्डाचं?"

"अक्का, ते मी..."

"बरं, बस आता. देव खोळंबलाय."

मी बसलो.

पारडं टणकन खाली गेलं. वस्तादांनी मिशीला पीळ भरला. समोरच्या चार ढेपा मात्र आकाशाकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"कोट काढा, पंत," गोरक्षनाथ गुरव म्हणाला.

कोट काढला. त्यातून तीन पुस्तकं निघाली, ती अक्काने हातात घेतली. पागोटं उतरवलं, उपरणं उतरवलं, पायताणं तर आधीच उतरवली होती. ढेपा वर त्या वरच. गुरवाने गुळाच्या बाजूला सुटी वजनं ठेवून पाहिली. एक, दोन, पाच, आठ... गर्दी श्वास रोखून पाहत होती.

"अकरा शेर वर!" गुरव म्हणाला.

अक्काने ढेपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तू तालमीत जातोस म्हणे रोज?"

"हो."

"कशाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी पारड्यात मांडी घालून बसल्या जागी खरं ते सांगितलं. "वजन उतरवायला."

"क्या?" वस्तादांचा आवाज देवळाच्या घंटेत घुमला. "उतरवायला? पंत! चार महिने मी तुम्हाला बदामाचं दूध पाजतोय! दोन महिने त्यात घी घालतोय!"

"तूप?" बायकांच्या घोळक्यातून आमची ही पुढे आली. तिने पदर सावरला, पण आवाज सावरला नाही. "अहो, तूप तर मी घालत होते! भाकरीच्या पिठात! रोज पळीभर! हे कोरडं-कोरडं खातात, दिवसेंदिवस झुरत चाललेत, म्हणून माझा जीव तुटायचा!"

"और मैं समझा, घरात खायला मिळत नाही!" वस्ताद म्हणाले.

"काय म्हणालात? आमच्या घरात खायला मिळत नाही?"

"भाभी, माणूस लोटा असा एका दमात रिकामा करतो, तर मी काय समजायचं?"

मी पारड्यात झुलत होतो. हिच्याकडे एक हेलकावा, वस्तादांकडे एक हेलकावा. कोर्टात इतके साक्षीदार पाहिले, पण त्यांचा पिंजरा निदान हलत तरी नसे!

"नरसू," अक्का म्हणाली, "तू तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं होतं, अक्का. त्यात दूध ओतलं."

सगळं गाव हसलं. गुरव हसला, ही हसली, वस्ताद मांडीवर थापा मारून हसले. अक्का हसली नाही. ती माझी तीन पुस्तकं छातीशी धरून उभी होती. तिची हनुवटी हलत होती.

"माझा नवस अर्धा राहिला रे," ती म्हणाली.

हसणं एकदम थांबलं. शेजारची कडूबाई म्हणाली, "आक्का, रडू नगा. माज्या घरी शेरभर गूळ हाय, आनू का? समदी मिळून आनू."

"नको गं. नवस माझा. गूळही माझ्याच विहिरीचा पाहिजे."

तिथे मला माझीच लाज वाटली. एक ओळ! कार्तिकात एक खरी ओळ लिहिली असती, तर अक्काने बेण्याला ठेवलेला थोडा ऊस गाळून तेवढाही गूळ केला असता. मी पारड्यातून उतरलो आणि माझा मलाच ओळखू आला नाही अशा आवाजात म्हणालो, "गुरव, कौल लावा! चूक माझी आहे, माझ्या नावाने लावा!"

गुरवाने देवाच्या शेंदरी खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. "देवा भैरोबा," तो ओरडून म्हणाला, "दोन मन आज घे! पंत म्होरल्या चैत्राला पुन्यांदा काट्यावर बसतील. दोन मनाच्या वर जे भरंल, ते तवा घे! पटत आसंल तर उजवा दे!"

आम्ही उभे. कळ्या हलेनात. अक्काचे ओठ हलत होते. वस्तादांनीही दोन्ही हात पसरून वर पाहिलं. डावी कळी जराशी घसरली, माझं काळीज तिच्याबरोबर घसरलं. आणि टपकन उजवी पडली!

"उजवा दिला!"

अक्काने डोळे पुसले. चाळीस वर्षं मी कोर्टात हेच पाहत आलो, आणि शेवटी भैरोबानेही तारीखच दिली!

ढेपा फुटल्या. गूळ वाटला गेला. ज्याची तुला, त्याने त्यातला खडाही तोंडात घालायचा नाही असा आमच्याकडे दंडक आहे, म्हणून मी बाजूला पुस्तक उघडून बसलो. पण कडूबाईच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला होता.

"म्हंजी बगा," ती बायकांना सांगत होती, "पंत जेवडं वाडतील, तेवडा म्होरल्या साली गूळ!"

त्यानंतर जो तो माझ्याकडे येऊ लागला. "पंत, वाळू नगा बरं का!" म्हणायचा, इकडे-तिकडे बघायचा आणि आपल्या वाट्यातला एक खडा माझ्या कोटाच्या खिशात टाकायचा. मला नको म्हणता येत नाही हे मागे सांगितलंच आहे.

निघताना अक्काने मला बाजूला घेतलं. "आता तरी कार्डाचं उत्तर दे. ऊस किती राखायचा ते मला कळायला हवं."

"आता सांगतो की तोंडी. मी नक्की उतरवून..."

"तोंडी नको. तोंडावर तू सगळ्यांना हो म्हणतोस. कार्डावर लिही. लिहिताना तू खोटं लिहीत नाहीस."

नगरला परतलो. तालमीत अजूनही जातो. वस्ताद आता मला नुसतं पाणी देतात, आणि देताना तोंड फिरवतात. ही माझ्यादेखत पीठ मळते आणि रिकामी पळी मला दाखवते. अकराचे दहा झाले, दहाचे नऊ झाले. आणि नवावर येऊन गाडी जी थांबली, ती आषाढ नाही, श्रावण नाही, हलायला तयार नाही! सहादेव खूश आहे.

काल पुन्हा कार्तिक लागला. मी बसलो आणि कार्ड लिहिलं. पहिल्या कार्डावर 'दोन मण' लिहिलं, ते फाडलं. दुसऱ्यावर 'सुमारे' लिहिलं, तेही फाडलं. तिसऱ्यावर सरळ लिहिलं:

"ती. अक्कास नरसूचा सा. न. वि. वि. माझं वजन दोन मण आणि वर नऊ शेर भरतं. व्यायाम रोज चालू आहे. दूध नाही, तूप नाही, तरी नऊ शेर हलत नाहीत. का, ते कळत नाही. तरी नऊ शेरांपुरता ऊस राखावा. उशिराबद्दल क्षमा असावी."

अक्षर चांगलं आलं होतं. खाली दोन बोटं जागा उरली होती. कोरी जागा सोडायची नाही, ही कोर्टाची सवय. म्हणून तेवढ्यात आणखी एक ओळ लिहिली, आणि खोडायची बुद्धी व्हायच्या आत चौकातल्या पेटीत कार्ड टाकून आलो:

"ता. क. – खिशातला गूळ परवा संपला. विहिरीच्या पाण्याने किंचित खारट उतरला आहे, पण भाकरीबरोबर फार छान लागतो."